'पोपट' शोधला आणि पक्षी आला: पडद्यावरून आहार शिकवण्याची पन्नास वर्षं

आजच्या भागाची ही लिखित प्रत. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. जेवता जेवता वाचत असाल तर उत्तम, कारण आजचा विषय ताटातलाच आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. मी आणि माझा इंजिनिअरिंगचा एक मित्र, आम्ही नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी एक ॲप बनवलं. सातवी ते नववीच्या मुलांना आहार आणि पोषण शिकवणारं. काल काय काय खाल्लं ते टाइप करायचं, मग ॲप सांगणार की त्यात प्रथिनं किती, लोह किती, कमी काय पडतंय. जोडीला थोडे व्हिडिओ, थोडी क्विझ. मी भंडाऱ्याचा, त्यामुळे पहिली चाचणी आपल्याच जिल्ह्यात, लाखनी तालुक्यातल्या एका शाळेत घ्यायची ठरली. मॅडमनी आठवीचा वर्ग दिला. दहा टॅब, एका टॅबवर तीन-तीन मुलं.

पहिल्याच मिनिटाला एका पोराने टाइप केलं, 'पोपट'. पडद्यावर लाल चोचीचा, हिरवागार पोपट आला. वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो, आमच्याकडे पोपट म्हणजे वालाच्या शेंगा. हिवाळ्यात घरोघरी पोपटाच्या दाण्यांची भाजी होते. आमच्या यादीत 'वाल' होता, 'पोपट' नव्हता. मग ॲपने फुकटच्या चित्रसंग्रहातून सापडेल ते चित्र उचललं आणि खाली लिहिलं, 'प्रथिने: माहिती उपलब्ध नाही'. पक्ष्याची माहिती नव्हती हे नशीबच.

दुसऱ्या टॅबवर एका मुलीने 'वरण, भात, सांबार' लिहिलं. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला जन्मापासून माहीत आहे हो! पण यादी मी बंगळुरूच्या खोलीत बसून बनवली होती. ॲपने तिच्या खात्यात इडलीबरोबरचं वाटीभर सांबार जमा केलं. वरणावर चिमूटभर कोथिंबीर टाकलेली पोरगी आमच्या हिशोबात दोन डाळी खाऊन बसली. तिसऱ्या टॅबवर 'लाखोरी' लिहिलं गेलं. उत्तर आलं, 'हा पदार्थ सापडला नाही'. भंडारा जिल्ह्यात लाखोरी सापडत नाही, म्हणजे कोकणात नारळ सापडत नाही म्हणण्यासारखं.

इथपर्यंत हसण्यावारी गेलं. चौथ्या गोष्टीला मात्र कोणी हसलं नाही. आमच्या ॲपमध्ये एक छोटी प्रश्नावली होती. लवकर दम लागतो का, चक्कर येते का, डोळ्यांच्या आत पांढरट दिसतं का. तीन 'हो' आले की लाल पट्टी यायची: 'तुमच्या शरीरात लोह कमी असू शकते. लोहाची गोळी नियमित घ्या.' मागच्या बाकावरची एक मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, मले सिकलसेल हाये. डॉक्टरनं लोहाची गोळी खाऊ नको म्हनलंय. मंग हे लाल पट्टी का दाखवते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या सगळ्या कोडमध्ये, सगळ्या मजकुरात 'सिकलसेल' हा शब्दच नव्हता. आणि हे ॲप आम्ही विदर्भासाठी बनवत होतो.

त्या रात्री नागपूरच्या बसमध्ये बसून मी एकच गोष्ट शोधत होतो: असली माती याआधी कोणी खाल्ली आहे का? खाल्ली आहे. बरीच. आणि काहींनी ती निस्तरलीही आहे. आजचा भाग त्या शोधाचा आहे.

आधी आकडे कुठून येतात ते बघू. 'शंभर ग्रॅम तांदळात इतकी प्रथिनं' हे कोणत्याही आहाराच्या ॲपला कोणीतरी आधी सांगावं लागतं. भारतात हे काम सुरू झालं तमिळनाडूतल्या निलगिरीच्या डोंगरात, कुन्नूरला. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत बेरीबेरी या रोगावर संशोधन सुरू केलं. त्याच खोलीची पुढे प्रयोगशाळा झाली, १९५८ मध्ये ती हैदराबादला गेली आणि १९६९ पासून तिला आपण राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखतो.

मॅककॅरिसनचा एक प्रयोग फार गाजला. त्याने उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला देशातल्या एकेका भागातलं जेवण दिलं. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. पोळी, दूध, डाळ, भाजी खाणारे शीख गटाचे उंदीर सगळ्यांत धष्टपुष्ट निघाले, पॉलिश केलेल्या तांदळावरचे मद्रासी गटाचे सगळ्यांत किरकोळ. मराठा उंदीर वरच्या फळीत होते. पण थांबा, लगेच कॉलर ताठ करू नका. 'मराठा जेवण' म्हणजे नेमकं कुठलं? देशावरची भाकरी की आमचा धानपट्ट्यातला भात? राज्याला एक ताट गृहीत धरण्याची सवय तेव्हापासूनची आहे. ती मलाही लागली होती.

मॅककॅरिसननंतर कुन्नूरला डब्ल्यू. आर. अ‍ॅक्रॉइड आले आणि १९३७ मध्ये त्यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. माझ्या भाषेत सांगायचं तर व्हर्जन १.०. मग १९७१ मध्ये डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी ती नव्याने लिहिली. गृहविज्ञान शिकलेल्या तुमच्या मावशीला किंवा आत्याला 'गोपालन'चं पुस्तक विचारा, लगेच आठवेल. तिसरी मोठी आवृत्ती २०१७ ची: देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा केलेले ५२८ पदार्थ, प्रत्येकाचे १५१ घटक. आजची बहुतेक भारतीय आहार-ॲप्स याच तक्त्यांवर उभी आहेत, मग ती कबूल करोत वा न करोत. संस्थेने स्वतःचंही 'न्यूट्रिफाय इंडिया नाऊ' नावाचं ॲप काढलंय.

हे तक्ते कंटाळवाणे वाटतात ना? मलाही वाटायचे. पण गोपालनच्या तक्त्यात तांदळाच्या ओळी एकाखाली एक वाचा. साधा पॉलिश केलेला तांदूळ, शंभर ग्रॅममागे थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, ०.०६ मिलिग्रॅम. तोच तांदूळ उकडा असेल तर ०.२१. साडेतीनपट! धान भिजवून, वाफवून मग भरडलं की कोंड्यातलं जीवनसत्त्व दाण्यात आत सरकतं आणि पॉलिश केल्यावरही बरंचसं टिकतं. आमच्या जिल्ह्यात राईस मिल पावलोपावली. भरडाईचे ट्रक बघत आम्ही मोठे झालो, पण बारावीपर्यंत ही गोष्ट कोणी सांगितली नाही. बेरीबेरीचं सगळं कोडं या दोन आकड्यांच्या मधल्या फरकात आहे, आणि ते शिकवायला भंडाऱ्याइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आता लाखोरी. पुस्तकात तिला लाख, लाखोळी म्हणतात, हिंदीत खेसारी, छत्तीसगडात तिवरा. धान कापायच्या आधीच उभ्या पिकात बी फेकायचं, बांधीतल्या उरलेल्या ओलीवर ती येते. पाणी नको, मशागत नको. शंभर ग्रॅममागे २८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, तुरीत २२. गरिबाची डाळ म्हणतात ती हीच. अडचण एकच: तिच्यात ओडॅप नावाचं विषारी द्रव्य असतं. दुष्काळात, दुसरं काहीच नसताना महिनोन्‌महिने फक्त हीच डाळ खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. या रोगाचं नाव लॅथिरिझम. म्हणून १९६१ मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी घातली. कागदावर बंदी आणि बांधीत पीक, असा संसार विदर्भात कित्येक वर्षं चालला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढले, उपोषणं केली. तिकडे शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवरा असे कमी ओडॅपचे वाण काढले, आणि २०१६ मध्ये आयसीएमआरच्या समितीने अशा वाणांना हिरवा कंदील दाखवला.

आता सांगा, हे ॲपमध्ये कुठे बसवायचं? आमच्याकडे प्रत्येक पदार्थाला दोनच रंग होते, हिरवा आणि लाल. लाखोरीला हिरवा देऊ? लाल देऊ? तिसरा रस्ता मी आधीच घेऊन बसलो होतो, तिला यादीतच न घेण्याचा. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट. ज्या घरात ती रोज शिजते त्या घरातल्या पोराला पुरेसं भिजवून पाणी फेकायचं असतं, बाकी डाळीही खायच्या असतात, हे सांगणार कोण?

आता वळतो पडद्याकडे.

१ ऑगस्ट १९७५. अमेरिकेच्या नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरायला दिला. कल्पना विक्रम साराभाईंची, करार १९६९ चा, पण प्रयोग सुरू झाला तेव्हा ते हयात नव्हते. त्याचं नाव सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट, लघुरूप 'साईट'. सहा राज्यांतल्या जवळपास २,४०० गावांत टीव्ही संच बसवले. वर दहा फूट व्यासाची अँटेना, तीही कोंबडीच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि पोषण. बहुतेक गावांनी आयुष्यात पहिल्यांदा टीव्ही पाहिला तो आहार-आरोग्याच्या धड्यांसाठी. आज आपण ज्याला ई-लर्निंग म्हणतो त्याची आजी ही.

महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण मध्य प्रदेश होता आणि तिथली गावं निवडली होती रायपूर, बिलासपूर, दुर्ग या भागातली, म्हणजे आजच्या छत्तीसगडातली. त्या वेळी गोंदिया वेगळा जिल्हा झाला नव्हता, तो झाला १ मे १९९९ ला. म्हणजे १९७५ चा भंडारा जिल्हा थेट त्या छत्तीसगडी मुलखाला टेकलेला. तिकडे भात, इकडे भात. तिकडे तिवरा, इकडे लाखोरी. नातीगोतीही दोन्हीकडे.

गंमत कुठे होती बघा. हिंदी राज्यांसाठीचे कार्यक्रम दिल्लीत बनायचे आणि तेच बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश तिन्हीकडे दिसायचे. एकच हिंदी. राजस्थानातली बाजरीची भाकरी खाणारी बाई आणि छत्तीसगडात रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खाणारी बाई, दोघींना एकच धडा. छत्तीसगडी बोलणाऱ्या म्हातारीला दिल्लीच्या निवेदिकेची हिंदी किती पोचली असेल, मला शंका आहे. सिग्नल ३६,००० किलोमीटरवरून स्वच्छ येत होता. भाषेचं अंतर जास्त होतं. ३१ जुलै १९७६ ला वर्ष संपलं आणि उपग्रह परत गेला. काही ठिकाणी नंतर जमिनीवरून प्रक्षेपण सुरू झालं, पण तो प्रयोग तिथेच थांबला.

त्याच वर्षांत गुजरातच्या खेडा जिल्ह्यात इस्रोच्याच लोकांनी उलटं करून पाहिलं. पीज नावाच्या गावात एक छोटं प्रक्षेपण केंद्र, पल्ला आसपासच्या गावांपुरता, भाषा तिथलीच गुजराती. कार्यक्रम बनवणारे कॅमेरा घेऊन गावात जायचे, गावकऱ्यांनाच बोलायला लावायचे, विषय त्यांच्या भांडणातले, गोठ्यातले, चुलीवरचे. १९८४ मध्ये खेडा प्रकल्पाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. एकाच संस्थेचे, एकाच काळातले दोन प्रयोग. उपग्रहवाला आपल्याला थोडाफार माहीत असतो, पीजचा माहीत नसतो. मोठं मशीन लक्षात राहतं, दुसरं काय.

महाराष्ट्राचं आपलं म्हणाल तर १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. दूरदर्शनवर तिचे शैक्षणिक कार्यक्रम लागायचे. तुमच्या आईबाबांना विचारा, चाल गुणगुणतील. २०१७ मध्ये ती बंद पडली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्राचं 'दीक्षा' व्यासपीठ आलं आणि मग बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड दिसू लागले. धड्यावर मोबाईल धरा, व्हिडिओ बघा. छान आहे. पण घरातला एकुलता एक मोबाईल बाबांबरोबर शेतावर गेलेला असेल तर कोड हा नुसता काळा चौकोन.

आता अंगणवाडी. साईट सुरू झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना आली. 'अंगणवाडी' या कल्पनेमागे आपल्या ताराबाई मोडकांचं बोर्डी-कोसबाडचं काम आहे, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. चाळीसेक वर्षं अंगणवाडी ताईंकडे आहार शिकवायला काय होतं? तक्ते, चित्रांच्या उलटवायच्या वह्या आणि स्वतःचा घसा.

८ मार्च २०१८ ला पोषण अभियान सुरू झालं आणि ताईंच्या हातात स्मार्टफोन आले. त्यात नोंदीचं सॉफ्टवेअर तर होतंच, पण अभियानाबरोबर शिकवण्याची एक रचनाही आली, तिला 'आयएलए' म्हणतात, टप्प्याटप्प्याने शिकणं. २१ छोटे पाठ. एकदम पाच दिवसांचं शिबिर घेऊन डोक्यावर ओतायचं नाही. बैठकीत एक विषय घ्यायचा, महिनाभर गावात वापरायचा, पुढच्या वेळी दुसरा. त्याचंच ऑनलाइन रूप ई-आयएलए. रचना म्हणून मला हे फार आवडतं. एक पाठ, मग महिनाभर खऱ्या घरांत सराव. आमच्या ॲपमध्ये एका तासात बारा पाठ कोंबले होते.

मग माशी कुठे शिंकली? १ मार्च २०२१ पासून आधीचं सॉफ्टवेअर जाऊन 'पोषण ट्रॅकर' आलं. महाराष्ट्रातल्या ताईंच्या हातातले फोन तोवर जुने झालेले, २ जीबी रॅमचे. ॲप त्यात मावेना, फोन तापे, अडके, दुरुस्तीचा खर्च अंगावर. आणि नवं ॲप इंग्रजीत. ज्या ताई मराठीत अर्ध्या गावाचा हिशोब तोंडपाठ ठेवतात त्यांनी बाळाचं नाव इंग्रजीत भरायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर ताईंनी मोर्चे काढून सरकारचे फोन सरकारला परत केले, भाषेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. आमच्या धंद्यात युजरने ॲप अनइन्स्टॉल केलं तरी आम्ही दिवसभर मीटिंग घेतो. इथे युजरने फोनच परत केला!

त्या बातम्या वाचताना मी ताईंच्या बाजूने होतो, अजूनही आहे. पण 'सांबार'चा किस्सा घडला तेव्हा कळलं की मी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसलोय. माझं ॲप मराठीत होतं. फक्त ती मराठी भंडाऱ्याची नव्हती.

मग मला एक जुनी ओळखीची जागा सापडली. इंजिनिअरिंगवाल्यांनो, सेकंड इयरला लिनक्स किंवा सी शिकताना आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' पाहिलेत का? प्रा. कन्नन मौद्गल्य यांचा प्रकल्प. दहा मिनिटांच्या आसपासचे व्हिडिओ, संथ आवाज, अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर तुम्ही स्वतः करून बघायचं. आम्ही ते प्रमाणपत्रासाठी २x वर पळवायचो. त्याच पद्धतीवर, त्याच आयआयटीतून, बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या पुढाकाराने आरोग्य आणि पोषणाचे व्हिडिओ तयार झालेत, मराठीसह अनेक भाषांत, फुकट. मला हे माहीतच नव्हतं. सी-प्रोग्रॅमिंगच्या शेजारी बाळाला छातीशी कसं धरायचं याचा धडा!

त्यांची पद्धत थोडी सविस्तर सांगतो, कारण मी ती चोरली आहे. आधी लेखी संहिता, दोन रकान्यांत. एका रकान्यात पडद्यावर काय दिसणार, दुसऱ्यात काय बोललं जाणार. मग एक पायरी असते, नवख्या माणसाकडून तपासणी. विषयाचं काहीही माहीत नसलेल्या माणसाने फक्त संहिता वाचून ते काम करून दाखवायचं. तो अडला तर चूक त्याची नाही, संहितेची. त्यानंतरच रेकॉर्डिंग. दुसऱ्या भाषेत नेताना प्रत्येक वाक्याची वेळ ठरलेली असते, त्यामुळे लांबलचक शब्द वापरायला जागाच नसते. आणि मजकूर नेमका. 'बाळाला पौष्टिक आहार द्या' म्हणून सोडून देत नाहीत. सहा महिन्यांच्या बाळाचं पहिलं खाणं कशाचं, किती चमचे, किती घट्ट, हे दिसतं. आपल्या पाठ्यपुस्तकात 'चौरस आहार' वाचून आपण मार्क मिळवले, पण तो चौरस कुठल्या वाटीने मोजायचा ते कधी कळलं नाही.

तर आम्ही ॲप बंद करून वही काढली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या दोन ताई, गावातली अंगणवाडी ताई आणि मॅडम. चार रविवार बसलो. पदार्थाचं नाव त्यांनी सांगायचं, तक्त्यातली ओळ मी शोधायची. फल्ली म्हणजे शेंगदाणे, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा, आलू म्हणजे बटाटा, सांबार म्हणजे सांबार. एका पदार्थाला हवी तेवढी नावं, असा साधा बदल केला. कोड दोन तासांचा, वही चार रविवारांची. संहिता आम्ही खिचडीवाल्या ताईंना वाचायला दिली, नवख्या म्हणून. त्यांनी दुसऱ्याच ओळीला अडवलं. "'सेवन करा' म्हंजे खा ना? मंग खा लिहा."

त्यांनीच आणखी एक प्रश्न काढला. शाळेत येणाऱ्या तांदळात प्लास्टिकचे दाणे असतात, पोरं निवडून फेकतात, हे खरं का? खोटं आहे. तो फोर्टिफाइड तांदूळ. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब१२ मिसळून दाणे बनवतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. रंग-पोत थोडा वेगळा दिसतो म्हणून प्लास्टिकची अफवा. महाराष्ट्रात रेशनवर त्याची चाचणी आधी झाली ती शेजारच्या गडचिरोलीत. पण बघा, इथेही लोह आलं, आणि मला मागच्या बाकावरची ती मुलगी आठवली.

भारतात सिकलसेलची नोंद १९५२ मध्ये झाली, निलगिरीतल्या आदिवासींमध्ये. हो, तोच डोंगर जिथे आपले तक्ते जन्मले. पुढे कळलं की मध्य भारतात, विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. या आजारात रक्त कमी होतं ते लोह नाही म्हणून नव्हे. लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात म्हणून. शरीरात लोह पुरेसं, कधी जास्तच असतं. म्हणून अशा मुलांना लोहाची गोळी तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देत नाहीत, फॉलिक ॲसिड देतात. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी सगळ्यांसाठी, पण हिच्यासाठी नाही. पालक, शेंगदाणे, अंडं हे साधं जेवण मात्र तिने खायचंच आहे. फोर्टिफाइड पाकिटांवर तर २०१८ च्या नियमांनुसार सिकलसेलच्या रुग्णांसाठी इशारा छापला जायचा. नंतर तज्ज्ञ समितीने या तांदळापासून धोका दिसत नाही म्हटल्यावर २०२४ मध्ये तो काढला गेला. एवढा सगळा इतिहास, आणि आमची लाल पट्टी एका ओळीत म्हणत होती, 'गोळी नियमित घ्या'.

ती पट्टी काढली. आता प्रश्नावलीच्या आधी एक प्रश्न येतो: सिकलसेलची तपासणी झाली आहे का? 'हो, आजार आहे', 'हो, वाहक आहे', 'नाही झाली', 'माहीत नाही'. 'माहीत नाही' म्हटलं तर लोहाचं नावही निघत नाही, तपासणी कुठे होते ते येतं. हा मजकूर एका डॉक्टरांकडून तपासून घेतला. आवाज त्याच मुलीचा आहे. तिनेच विचारलं, "मी बोलू का?" आम्ही तिच्या घरच्यांना विचारलं, मॅडमना विचारलं, तिचं नाव कुठे येणार नाही असं ठरवलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. मागे कोंबडा आरवतो. मित्र म्हणाला आवाज साफ करू, मी म्हटलं राहू दे.

मागच्या महिन्यात पुन्हा त्याच वर्गात गेलो होतो, आता ती मुलं नववीत. पोपटवाल्या पोराने पहिल्यांदा तेच टाइप केलं. शेंगा आल्या, प्रथिनांसकट. तो थोडा हिरमुसला. म्हणाला, "भाऊ, पक्षीच बरा होता." मग जरा विचार करून त्याने लिहिलं, 'तरोटा'. पहिल्या पावसानंतर बांधावर उगवते ना, ती भाजी. आमच्या यादीत ती 'टाकळा' या नावाने होती.

हा पदार्थ सापडला नाही.

मी वही काढली.